हाताने घडविलेली इलेक्ट्रिक गिटार : नागपुरातील घरगुती कार्यशाळेसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गच्चीवरच्या दहा बाय बारा फुटांच्या खोलीत मी गेली काही वर्षे इलेक्ट्रिक गिटार घडवीत आहे. खोली पाहून जाणारी मंडळी बहुधा तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरे एकदाच सविस्तर लिहून ठेवलेली बरी. गिटार घडविण्याची रीत परदेशी व्हिडिओंतून शिकता येते. मात्र ती सांगणाऱ्यांच्या खोलीतील हवा वर्षभर जवळपास सारखीच राखलेली असते, आणि आपल्याकडे मे आणि ऑगस्ट हे जणू दोन वेगळ्या मुलखांतले महिने आहेत. पुढील उत्तरांत हा फरक वारंवार येईल, त्याला माझा इलाज नाही.

सुतारकाम शिकलेले नसताना इलेक्ट्रिक गिटार घडविणे जमेल का?

जमेल. अकूस्टिक गिटारीत जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची फळी स्वतः थरथरून आवाज देते, त्यामुळे तिथे हाताला मुरलेले कसब लागते. इलेक्ट्रिक गिटारीत पोलादी तारेचे कंपन पिकअपमधील चुंबक आणि तांब्याचे वेटोळे टिपतात. बॉडीचे मुख्य काम तारांना भक्कम आधार देण्याचे असते. १९४०च्या सुमारास अमेरिकी गिटारवादक लेस पॉल यांनी चार इंच जाडीच्या पाइनच्या ठोकळ्यावर तारा ताणल्या आणि केवळ दिसायला गिटार वाटावी म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना दुसऱ्या गिटारीची बॉडी अर्धी-अर्धी कापून लावली. क्वीन या बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी वडिलांच्या मदतीने १९६३मध्ये घरीच गिटार घडवायला घेतली. तिच्या मानेचे लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीतून आले, फ्रेटबोर्डवरच्या, म्हणजे मानेवर चिकटवलेल्या पट्टीवरच्या, खुणांसाठी शिंपल्याची बटणे वापरली गेली, आणि तीच गिटार पुढे त्यांनी जन्मभर रंगमंचावर वाजविली.

मात्र जमेल याचा अर्थ कसेही चालेल असा नाही. बॉडीचा आकार चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. ब्रिजचे (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाचे) स्थान, फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या पडद्यांच्या) खाचा आणि मान जिथे बसते तो खड्डा या तीन ठिकाणी मात्र अर्धा मिलिमीटरही फार होतो. नवशिका बहुधा उलटे करतो : बॉडीच्या शिंगांच्या वळणावर आठवडा घालवतो आणि ब्रिजची भोके एका संध्याकाळी उरकून टाकतो.

सुरुवात कोणत्या महिन्यात करावी?

मला विचाराल तर ऑक्टोबरमध्ये, आणि याचे कारण जरा विस्ताराने सांगावे लागेल.

कापलेले लाकूड हवेतील ओलावा घेत आणि सोडत राहते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी सापेक्ष आर्द्रता अनेकदा वीस टक्क्यांच्या आसपास असते, तर ऑगस्टमध्ये ती ऐंशीच्या पुढे जाते. लाकूड पहिल्या हवेत पुरेसा काळ राहिले तर त्यातील ओलावा चार-पाच टक्क्यांवर उतरेल, आणि दुसऱ्या हवेत सतरा टक्क्यांपर्यंत चढेल. प्रत्यक्षात ऋतू बदलतात, वर पॉलिशचा थरही असतो, त्यामुळे एवढी टोके गाठली जात नाहीत. परंतु चार-पाच टक्क्यांचा फरक सहज पडतो. सागवान हे कमी हलणारे लाकूड मानले जाते, तरी ओलावा एका टक्क्याने बदलला की आडव्या रेषांची सागवानी फळी रुंदीत साधारण ०.२ टक्के बदलते. फ्रेटबोर्डाच्या रुंद टोकाला, म्हणजे ५६ मिलिमीटरवर, हा बदल चार टक्क्यांच्या फरकाला जवळपास अर्धा मिलिमीटर होतो. आणि अर्ध्या मिलिमीटरबद्दल वर काय म्हटले ते आपल्या लक्षात असेलच.

त्यात आपल्या घरांत कूलर असतो. नवतपात गच्चीवरची खोली भट्टीसारखी कोरडी असते आणि खालच्या बैठकीत वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा दमट असते. एकाच घरात एकाच दिवशी दोन ऋतू नांदतात. वर बसविलेली मान रात्री खाली आणून भिंतीला टांगली तर ती फुगायला लागते. म्हणून मी बरेच प्रयोग फसल्यानंतर ठरविलेला क्रम असा : लाकूड दिवाळीच्या आसपास जाडेभरडे कापून ठेवावे, मान आणि बॉडीची जोडणी डिसेंबर-जानेवारीत करावी, कारण त्या वेळी लाकूड वर्षभराच्या चढउताराच्या साधारण मध्यावर असते, फ्रेट फेब्रुवारीच्या अखेरीस, हवा कोरडी होऊ लागल्यावर ठोकावेत. एप्रिल-मे महिन्यांत लाकडाला हात न लावता कूलरपुढे बसून सोल्डरिंग करावे. पावसाळ्यात आराखडे काढावेत, साचे कापावेत, पिकअप गुंडाळावेत.

लाकूड कोणते घ्यावे आणि कोठून?

अमेरिकी कारखान्यांनी बॉडीसाठी अॅश, आल्डर आणि महोगनी, तर मानेसाठी मेपल आणि महोगनी वापरले, कारण ते त्यांना सहज मिळत होते. आपल्याला सहज मिळते ते घ्यावे, हाच त्यातून घेण्याचा धडा.

आलापल्ली आणि बल्लारशाचे सागवान उशाशी असल्यामुळे विदर्भातील माणसाचा हात आधी सागवानाकडेच जातो, आणि मानेसाठी ते योग्यच आहे. बॉडीसाठी मात्र मी सागवान टाळतो. सागवानाची घनता एका घनमीटरला साधारण ६५० किलो असते, त्यामुळे ४४ मिलिमीटर जाडीची पूर्ण आकाराची बॉडी तीन किलोच्या घरात जाते. मान, ब्रिज आणि खुंट्या धरून गिटार चार किलोच्या आसपास पोहोचते आणि दोन तास उभ्याने वाजविणाऱ्याचा खांदा दुखतो. बॉडीसाठी माझी पहिली पसंती शिवण. ती हलकी असते, घनतेत आल्डरच्या जवळपास जाते, रंध्याखाली लोण्यासारखी निघते आणि हवा बदलल्यावर फारशी रुसत नाही. दुसरी पसंती तूण. हे महोगनीच्याच कुळातले लाकूड आहे आणि मिरजेचे कारागीर सतारी-तंबोऱ्यांसाठी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. आंब्याचे लाकूड स्वस्त असते आणि त्यावर सुंदर पट्टे मिळतात, पण त्याला कीड लवकर लागते, म्हणून ते पारखून आणि औषध मारूनच घ्यावे. फ्रेटबोर्डासाठी शिसम घ्यावे. ते घट्ट आणि गुळगुळीत असते आणि त्यावर पॉलिशही लागत नाही.

लकडगंजमधील आरा मशीनवर लाकूड घनफुटाच्या भावाने मिळते. ३५० बाय ५०० मिलिमीटरचा, ४५ मिलिमीटर जाडीचा ठोकळा म्हणजे पाव घनफुटाहून किंचित जास्त. एवढ्याशा मालासाठी मोठे व्यापारी वेळ देत नाहीत, याचा राग मानू नये; दारे-खिडक्यांची मोठी गिऱ्हाइके आटोपल्यानंतर दुपारी गेले तर कापून उरलेल्या तुकड्यांतूनच उत्तम माल निघतो. बिल अवश्य घ्यावे. शिसमाच्या बाबतीत हे अधिकच पाळावे, कारण शिसम ज्यातले आहे त्या डालबर्जिया वंशातील सर्व झाडे २०१७पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटीस करारातील नियंत्रित यादीत आहेत. तयार वाद्यांना २०१९च्या अखेरीस सूट मिळाली असली तरी लाकडाला ती नाही.

सर्वांत चांगले सागवान मात्र मला आरा मशीनवर मिळाले नाही, ते नागपूरच्या महाल भागातील एका पाडलेल्या वाड्याच्या तुळईतून मिळाले. कित्येक दशके वाळलेले आणि दाट रेषांचे असे लाकूड आज नव्याने मिळणे अवघड आहे. त्यात खिळे हमखास असतात. कापण्यापूर्वी चांगल्या ताकदीचे चुंबक चारही बाजूंनी फिरवून पाहावे, नाहीतर राऊटरचे (वेगाने फिरणाऱ्या पात्याने लाकूड कोरणाऱ्या यंत्राचे) पाते तर जाईलच आणि त्याचा तुकडा कोठे उडेल हे सांगता येणार नाही.

लाकूड वाळले आहे हे कसे ओळखावे?

आरा मशीनवरील मनुष्य "एकदम सुखा माल" असे म्हणतो, त्यावर विसंबू नये. उघड्या हवेत वाळणाऱ्या लाकडाला एक इंच जाडीसाठी साधारण एक वर्ष लागते. ओलावा मोजण्याचे यंत्र असेल तर हिवाळ्यात आठ ते दहा टक्के हा आकडा यायला हवा. नसेल तर स्वयंपाकघरातील वजनकाटा पुरतो : तुकड्यावर तारीख घालून दर रविवारी वजन लिहावे, आणि चार आठवडे ते हलले नाही तरच काम सुरू करावे.

लाकडाने आवाज बदलतो का?

या प्रश्नावर मैत्री तुटलेली मी पाहिली आहे. माझे मत असे, की पिकअप, त्याची तारेपासूनची उंची, तारा, तारेची लांबी आणि ॲम्प्लिफायर यांच्यापुढे बॉडीच्या लाकडाचा वाटा इतका लहान आहे की त्यावरून लाकूड निवडू नये. वजन, स्थिरता आणि हत्याराखाली ते कसे वागते, हे पाहून निवडावे.

मान कशी करावी? ती चिकटवावी की स्क्रूने जोडावी?

पहिली गिटार असेल तर चार स्क्रूंनी जोडावी. फेंडर कंपनीने १९५०मध्ये बाजारात आणलेल्या गिटारीपासून ही पद्धत रूढ झाली आणि ती कारखान्याच्या सोयीसाठी असली तरी शिकणाऱ्याच्याही सोयीची आहे : कोन चुकला तर मान काढून, कागदाएवढी चकती घालून पुन्हा बसविता येते. शिवाय पांढरा गोंद उष्णतेने नरम पडून ताणाखाली सरकतो, आणि आपल्या उन्हाळ्यात ही भीती पुस्तकी राहत नाही.

मानेसाठी एकसंध फळी घेण्यापेक्षा तीन पट्ट्या उभ्या रेषांनी शेजारी ठेवून चिकटवाव्यात. दोन सागवानाच्या आणि मध्ये एक पातळ शिसमाची. एक पट्टी वाकू पाहते तेव्हा दुसरी तिला धरून ठेवते. सागवानात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे चिकटवण्याच्या आधी कडा ताज्या रंधून, ॲसिटोनने पुसून, पंधरा मिनिटांच्या आत गोंद लावावा. मी हे एकदा टाळले आणि पट्ट्या पुढच्या जूनमध्ये शिवण उसवावी तशा वेगळ्या झाल्या.

मानेच्या आतील ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक सावरणारी सळई, दोन्ही दिशांना काम करणाराच घ्यावा. दहाच्या जाडीच्या (सर्वांत पातळ तार ०.०१० इंचाची) सहा तारा ६४८ मिलिमीटर लांबीवर नेहमीच्या सुरांत लावल्या की मानेवर सुमारे ४७ किलोंचा ताण येतो, आणि त्यात ऋतुमानाने मान कधी पुढे, कधी मागे वाकते. एकाच दिशेने ओढणारा रॉड दुसऱ्या वेळी काही कामाचा नसतो. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरली असता सातव्या फ्रेटपाशी ०.२ ते ०.३ मिलिमीटरची फट राहिली पाहिजे. ही फट वर्षातून दोनदा, मृगानंतर आणि होळीनंतर, तपासण्याची सवय लावून घ्यावी.

फ्रेटची अंतरे कशी काढावीत?

फ्रेट म्हणजे सतारीच्या भाषेत पडदे. फरक एवढाच, की सतारीचा पडदा सरकवता येतो आणि हा ठोकून बसविल्यावर जन्माचा असतो. तारेची मोकळी लांबी ठरवावी. फेंडरच्या गिटारींची ती ६४८ मिलिमीटर असते. या लांबीला १७.८१७ने भागले की पहिल्या फ्रेटचे अंतर मिळते : ३६.३७ मिलिमीटर. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येने भागले की पुढच्या फ्रेटचे, आणि असेच पुढे. सप्तकाचे बारा समान अर्धस्वर करण्यातून ही संख्या येते. हिशेब बरोबर आला का, याची खूण सोपी आहे : बारावा फ्रेट बरोबर मध्यावर, ३२४ मिलिमीटरवर यायला हवा. पाचवा १६२.५५वर, सातवा २१५.५१वर आणि बाविसावा ४६६.१६वर येईल.

मोजताना मात्र एका फ्रेटपासून दुसऱ्यापर्यंत मोजू नये. प्रत्येक वेळी नटपासूनच (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासूनच) मोजावे, पोलादी पट्टी एकदा क्लॅम्पने बसवली की ती हलवूच नये. दर वेळी ०.२ मिलिमीटरची चूक एकाच दिशेने झाली तर बाविसाव्या फ्रेटपर्यंत ती साडेचार मिलिमीटरच्या आसपास पोहोचते. पेन्सिलीच्या रेषेलाही जाडी असते. खूण धारदार सुरीने करावी. अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीने बाराव्या फ्रेटवर सूर सुमारे २.७ सेंट, म्हणजे अर्धस्वराचे तितके शतांश, सरकतो. बाविसाव्यावर तीच चूक जवळपास पाच सेंट होते. तंबोऱ्याच्या सान्निध्यात वाढलेल्या कानाला हे खटकते.

खाचेची रुंदी साधारण ०.६ मिलिमीटर असावी. बाजारातील साधी करवत याच्या दुपटीने रुंद कापते, म्हणून या एका हत्याराबाबत काटकसर करू नये. खाच सैल झाली तर फ्रेट वर येतो. फार घट्ट झाली तर बावीस पाचरा ठोकल्यासारखी मान मागे वाकते.

ब्रिज नेमका ६४८ मिलिमीटरवर बसवावा का?

नाही. तार दाबली की ती किंचित ताणली जाते आणि सूर चढतो. त्याची भरपाई म्हणून तार थोडी लांब ठेवावी लागते, जाड तारेला अधिक. ब्रिजवरील पातळ तारेचा दांडा पूर्ण पुढे आणून तो ६४८वर येईल असे स्थान धरावे, म्हणजे मागे सरकवायला सगळ्यांना जागा उरते. भोके पाडण्यापूर्वी मान बसवून, दोन्ही कडेच्या तारांच्या जागी शिवणाचा दोरा ताणून, तो फ्रेटबोर्डाच्या दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर जातो का ते पाहावे. हा दोरा मला महागड्या साधनांपेक्षा अधिक उपयोगी पडला आहे.

उन्हाळ्यात फ्रेटची टोके हाताला टोचतात. गिटार बिघडली का?

बिघडली नाही. लाकूड आकसले, धातू आकसला नाही. म्हणून टोके बाहेर आली. माझी पहिली गिटार मी हौसेने भर श्रावणात पूर्ण केली होती आणि पुढच्या मे महिन्यात तिच्या कडेवरून बोट फिरवताना रक्त निघाले. बारीक कानशीने टोके लाकडाच्या पातळीत घासून, त्यांना हलका उतार द्यावा. हे काम मे महिन्यातच केलेले बरे, कारण एकदा सर्वांत कोरड्या हवेत घासली की पुढच्या कोणत्याही ऋतूत ती बाहेर येत नाहीत. पावसाळ्यात टोके थोडी आत दिसतील, त्याने वाजविण्यात काही अडत नाही.

कोणती हत्यारे लागतात?

रंधा, दोन धारदार पटाशा, कानशी, ड्रिल, भरपूर क्लॅम्प, पोलादी पट्टी, फ्रेटची करवत आणि राऊटर. बॉडीचा बाह्य आकार आरा मशीनवर किंवा ओळखीच्या सुताराच्या बँड सॉवर पाच मिनिटांत कापून मिळतो, त्यासाठी यंत्र विकत घेण्याची गरज नाही. राऊटरला पर्याय मात्र नाही. एमडीएफचा (दाबून केलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा) साचा आधी निवांतपणे, कानस आणि पॉलिश पेपरने अचूक करावा, मग बेअरिंग असलेले पाते त्या साच्याच्या कडेने फिरवावे. एका फेरीत चार-पाच मिलिमीटरहून अधिक खोल जाऊ नये. बॉडीच्या शिंगांपाशी लाकडाची रेषा उलटते आणि तिथे पाते ढलप्या उडवते; तिथे थोडे थोडेच घ्यावे. मानेच्या खड्ड्याची खोली साधारण १६ मिलिमीटर ठेवावी, आणि मान त्यात इतकी घट्ट बसावी की स्क्रूशिवाय गिटार मानेला धरून उचलता यावी.

पिकअप घरी गुंडाळता येतो का?

येतो, आणि कूलरपुढे बसून करण्यासारखे त्याहून रमविणारे काम नाही. साध्या एका वेटोळ्याच्या पिकअपमध्ये सहा अल्निको चुंबकांभोवती साडेसात ते आठ हजार वेढे असतात. तार जवळपास एक किलोमीटर लागते आणि रोध सहा किलोओहमच्या आसपास येतो. शिलाई मशीनची जुनी मोटर, पायाचा रेग्युलेटर आणि वेढे मोजणारा काउंटर एवढ्यावर यंत्र उभे राहते. तार बोटांच्या चिमटीतूनच सोडावी, कारण ताण किती द्यायचा हे बोटांना लवकर कळते.

इथे एक खड्डा आहे, ज्यात मी स्वतः पडलो. परदेशी आराखड्यांत ४२ गेजची तार लिहिलेली असते. तो अमेरिकी गेज असून तिची जाडी सुमारे ०.०६३ मिलिमीटर असते. आपल्याकडील मोटर वाइंडिंगवाले ब्रिटिश गेज बोलतात, आणि त्यांची ४२ नंबरची तार ०.१ मिलिमीटरची, म्हणजे दीडपट जाड असते. मी ४२ मागितली, त्यांनी ४२ दिली, आणि निम्मे वेढेही होण्यापूर्वी बॉबिन भरून गेले. आपल्याला हवी ती जवळपास ४६ नंबरची. वेढे पूर्ण झाल्यावर पिकअप ६५ अंशांच्या पातळ मेणात बुडवून ठेवावा, नाहीतर सैल वेढे मोठ्या आवाजाला शिट्टी मारतात. मेण नेहमी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवावे, थेट गॅसवर कधीही नाही.

आवाज आणि टोनची पॉट्स (फिरवून कमी-जास्त करायची नियंत्रणे) एका वेटोळ्याच्या पिकअपला २५० किलोओहमची आणि हंबकरला, म्हणजे दोन वेटोळ्यांच्या पिकअपला, ५०० किलोओहमची लावण्याची रीत आहे. उलट लावल्यास काही जळत नाही. फक्त आवाज बोदा किंवा कर्कश होतो.

गिटार लावली की ॲम्प्लिफायरमधून गुणगुण येते. काय करावे?

आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे आणि तिच्या तारांभोवतीचे चुंबकीय क्षेत्र पिकअपचे वेटोळे इमानाने टिपते. कूलरची मोटर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि मोबाइलचा चार्जर एकेक करून बंद करून पाहावेत. निम्मे अपराधी तिथेच सापडतात. उरलेल्यासाठी पिकअपच्या आणि पॉटच्या खड्ड्यांना आतून तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थला जोडावी, आणि ब्रिजलाही एक तार जोडावी. ही ब्रिजची तार नवशिके हमखास विसरतात. एवढे करूनही एका वेटोळ्याची गुणगुण पूर्ण जात नाही. त्यावर गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५मध्ये काढलेला उपाय म्हणजे हंबकर : दोन वेटोळी उलट गुंडाळून त्यांची चुंबकेही उलट ठेवायची, म्हणजे विजेची गुणगुण एकमेकांना खोडते आणि तारेचा आवाज मात्र जुळतो.

घराचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे, ही विनंती नसून अट समजावी. गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या अर्थला जोडलेल्या असतात. तिथे बिघाड असेल तर वाजविणाऱ्याचे हातच त्या मंडलाचा भाग होतात. तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकणाऱ्याच्या घरी मी गिटार देत नाही.

पॉलिश कोणते करावे?

लाखेपासून सुरुवात करावी. आपल्याकडच्या पळस, बोर आणि कुसुमाच्या झाडांवर वाढणारी ही लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एक लिटर स्पिरिटला साधारण २५० ग्रॅम चपडा पुरतो. सुती कापडाच्या बोळ्याने पातळ पातळ थर चढवावेत. चूक झाली तर स्पिरिटने पुसून पुन्हा करता येते, फवाऱ्याचे यंत्रही लागत नाही. तिची उणीव अशी, की घामाने आणि उष्णतेने ती चिकट होते. म्हणून मानेच्या पाठीला मी लाख लावत नाही, तिथे जवसाचे तेल मुरवतो. घाण्यावरचे कच्चे तेल वाळायला आठवडे घेते, हार्डवेअरच्या दुकानातील उकळलेले लवकर वाळते. मात्र या तेलाने भिजलेला बोळा चुरगळून टाकला तर तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो, आणि तापलेल्या गच्चीवर तर काळजी अधिकच हवी. बोळे पाण्यात भिजवून, पसरून, उघड्यावर वाळवावेत.

लॅकरचा फवारा मारायचा असेल तर पावसाळ्यात मारू नये. द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर बसते आणि पांढरट धुके धरते. मे महिन्यात याच्या उलट होते : थेंब लाकडापर्यंत पोहोचण्याआधीच सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. नोव्हेंबर आणि फेब्रुवारी हे महिने हाती असताना या दोघांशी भांडण्यात अर्थ नाही.

शेजाऱ्यांचा आणि धुळीचा प्रश्न कसा सोडवावा?

राऊटरचा आवाज रहिवासी भागाच्या दिवसाच्या ५५ डेसिबलच्या मर्यादेत कधीच बसत नाही, त्यामुळे नियमाचा आधार आपल्या बाजूने नाही, हे आधी मान्य करावे. मी राऊटर फक्त सकाळी अकरा ते एक या वेळात चालवितो आणि समोरच्या काकूंना आदल्या दिवशी सांगून ठेवतो. धूळ अधिक गंभीर आहे. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे, आणि सागवान व शिसमाच्या धुळीने पुष्कळांच्या त्वचेला खाज सुटते. एन-९५ मुखपट्टी आणि कानांना संरक्षण ही हत्यारांच्या यादीतच धरावीत.

खर्च किती येतो?

पहिली गिटार दुकानातील तशाच गिटारीपेक्षा महाग पडते. लाकूड हा त्यातला लहान भाग असतो; खुंट्या, ब्रिज, ट्रस रॉड, फ्रेटची तार आणि हत्यारे यांत बहुतेक पैसे जातात. स्वस्त खुंट्या आणि स्वस्त ब्रिज घेऊ नयेत, सूर तिथेच सुटतो. पैसे वाचविण्यासाठी गिटार घडवायची असेल तर विकत घ्यावी.

यावर मींड घेता येते का?

फ्रेटवर तार आडवी ओढून एक पूर्ण स्वर सहज चढविता येतो. नऊच्या पातळ तारा लावल्या आणि तारेची लांबी गिब्सनसारखी ६२८ मिलिमीटरच्या आसपास ठेवली तर दोन स्वरांपर्यंतही जाता येते. फ्रेटच्या मधले लाकूड होडीच्या पोटासारखे कोरून काढले, तर बोट लाकडाला घासत नाही आणि सतारीवर बसलेला हात लवकर रुळतो. हे कोरीवकाम पहिल्या मानेवर करू नये, दुसऱ्या मानेवर करावे.

उन्हाळ्यात गिटार गाडीत ठेवून बाजारात गेले तर चालेल का?

नाही. बंद गाडीत मे महिन्याच्या दुपारी तापमान साठ अंशांच्या पुढे जाते. पिकअपमधील मेण, फ्रेटबोर्डाखालचा गोंद आणि बॉडीवरची लाख ही तिन्ही तेवढ्या उष्णतेला नरम पडतात. गिटार सोबत न्यावी आणि दुकानदाराकडून खुर्ची मागून तिला सावलीत बसवावे.